पट्ट्यांचा खिसा

जंगलात जायचं ठरवणारी माणसं जंगलाबद्दल कमी आणि चिवड्याबद्दल जास्त बोलतात. ब्याण्णव सालचा अख्खा पावसाळा आमच्या डोंबिवलीतल्या दोन खोल्यांत मी हे ऐकत होते. रविवार उजाडला की नामा ठाण्याहून यायचा, चपला काढता काढताच "वैनी, चहा ठेवा" म्हणायचा, आणि मग तो आणि हरिहर जमिनीवर नकाशा अंथरून त्यावर कोपरं टेकून बसायचे. बेळगावपर्यंत कुठली एस.टी., तिथून पुढे कुठली, जळवांसाठी तंबाखू न्यायची की मीठ, आणि चिवडा दमट हवेत किती दिवस टिकेल. मी शेजारी मशिनवर कुणाचा तरी ब्लाउज शिवत असायची. शिवणारी बाई ऐकत नाही असं पुरुषांना का वाटतं, देव जाणे.

हरिहर म्हणजे माझा नवरा. इथे नाव घेऊन लिहिते आहे, तोंडावर कायम 'अहो'च. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत तो ड्राफ्ट्समन होता. नामा त्याच कंपनीत फिटर, चेंदणी कोळीवाड्यातला, खाडीच्या पाण्यातच लहानाचा मोठा झालेला. एक जण शब्द मोजून बोलणारा, दुसरा बोलायला लागला की थांबायचं विसरणारा. पण दोघांनाही फोटोंचं वेड. खाडीवरचे बगळे झाले, टिटवाळ्याच्या नदीवरचे खंड्ये झाले, आता म्हणे बारमाही हिरव्या जंगलात जायचं. कर्नाटकातल्या घाटात एक रिसॉर्ट निघालं होतं. आत ओढा, ओढ्याच्या काठी फोटोवाल्यांसाठी झावळ्यांची आडोशाची खोपटं बांधलेली. त्यात तासन्‌तास गप्प बसायचं आणि कर्णा नावाचा तांबड्या पोटाचा पक्षी समोर यायची वाट बघायची. त्या रिसॉर्टचं नाव मी लिहिणार नाही. माझ्या तोंडात ते आता बसत नाही.

मला एकच काळजी होती. हरिहरला पोहता येत नव्हतं. घोटाभर पाण्यातही तो धोतर सावरणाऱ्या भटजीसारखा चालायचा. नामाला मी पहिल्याच रविवारी बजावलं की जंगलात वाघ असो नाहीतर राक्षस असो, मला त्याचं काही नाही. मला माझा माणूस ओढ्यापासून लांब आणि जिवंत परत हवा.

"वैनी, तुमी कशाला घाबरता?" नामा म्हणाला. "पानी म्हंजे आमचा आंगन. मी हाय ना याच्यासोबत."

जाकीट शिवायची कल्पना माझीच. आदल्या वर्षी टिटवाळ्याला या दोघांनी एक गाढवपणा केला होता. वापरलेला रोल आणि कोरा रोल एकाच पिशवीत ठेवले, आणि घाईत वापरलेलाच पुन्हा कॅमेऱ्यात भरला. धुऊन आला तेव्हा खंड्याच्या चोचीत मासा नव्हता, नामाच्या पुतणीच्या हळदीतली करवली होती. नामा आठवडाभर हसत होता, हरिहर आठवडाभर जेवला नाही. म्हणून मी ठरवलं की याला बिनबाह्यांचं, खिशांचं जाकीट शिवून द्यायचं. कोरे रोल खाकी खिशांत आणि वापरलेले एका वेगळ्याच खिशात. तो खिसा मी गादीच्या खोळीच्या उरलेल्या तुकड्याचा केला, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. तुकडा आखूड होता म्हणून पट्टे आडवे आले. कापड जाडंभरडं, त्यामुळे अंधारातही बोट लागलं की कळायचं. हरिहर डोळे मिटून सराव करायचा, रोल काढ, रोल घाल. मला हसू यायचं. पण त्याची बोटं त्या कापडावर अशी विश्वासाने जायची की बरंही वाटायचं.

जाकिटाच्या आतल्या बाजूला मी एक शिट्टीही दोरीने शिवून टाकली. पितळेची, चांगली कानठळ्या बसवणारी. हाक पोहोचत नाही तिथे शिट्टी पोहोचते. काहीही झालं, पाय जरी मुरगळला, तरी वाजवायची, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

नवरात्रात रिसॉर्टवाल्यांचं पुडकं आलं. कुठल्या खोपटात बसायचं ते आधी ठरवून कळवा म्हणून त्यांनी तिथल्या फोटोंच्या स्लाइड पाठवल्या होत्या. हरिहरने ठाण्याच्या छायाचित्र मंडळातून प्रोजेक्टर आणला आणि रविवारी भर दुपारी माझ्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या. भिंतीवर पांढरी चादर. बाहेर भंगारवाला ओरडत होता आणि आत आम्ही तिघं अंधारात.

स्लाइडच्या पुठ्ठ्यांवर कसलीच खूण नव्हती. सुलटी बाजू कुठली हे कळावं म्हणून हरिहर प्रत्येक स्लाइड खिडकीच्या फटीशी धरून बघत होता आणि कोपऱ्यावर लाल शाईचा ठिपका देत होता.

"चकचकीत बाजू दिव्याकडे, मंद बाजू पडद्याकडे," तो मला शिकवत होता. "हे एकदा समजलं की चूक होतच नाही."

पहिल्या चित्रात रिसॉर्टची पाटी होती, कानडीत. आम्हा तिघांनाही कानडी येत नव्हतं.

"जिलब्या काढून ठेवल्यात," नामा म्हणाला. मग एक हिरवा बेडूक आला. मग झावळ्यांचं खोपटं. मग झाडाच्या मुळ्या, माणसाच्या उंचीच्या. हरिहर एकेक चित्र बदलायचा आणि चादर हिरवीगार व्हायची. त्या हिरव्या उजेडात नामाचा चेहराही हिरवा दिसत होता. ऑक्टोबरच्या उकाड्यात मला थोडी थंडी वाजली.

मग ते चित्र आलं.

ओढा होता, फुगलेला, गढूळ. अलीकडे एक आडवी फांदी. फांदीला एक खाकी जाकीट टांगलेलं, पुढची बाजू आमच्याकडे. आत माणूस नव्हता. जाकीट चिंब भिजलेलं होतं. ओलं खाकी कसं काळपट होतं ते मला सांगायला नको, माझा जन्म कापडात गेला आहे. आणि त्याच्या उजव्या बाजूला, घालणाऱ्याचा उजवा हात जिथे येतो तिथे, निळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा खिसा.

प्रोजेक्टरचा पंखा घरघरत होता. मी उठले, अंधारात चाचपडत मशिनपाशी गेले. आमचं जाकीट तिथेच होतं, खिसा कच्च्या टाक्यांनी उजवीकडे लावलेला, पक्की शिवण मारायची राहिलेली. मी त्यावर तळहात ठेवला. कोरडं होतं. मी मागे वळून चादरीकडे बघितलं तर तिथलं जाकीट तसंच ओलं, तसंच लटकलेलं.

"अहो, हे आपलं जाकीट आहे."

"अगं, काहीतरीच. आपलं अजून शिवून व्हायचं आहे."

"तेच म्हणते मी."

हरिहर हसला. नामा तर बोलायचाच बंद झाला होता, आणि तो गप्प बसला की समजावं काहीतरी बिनसलं आहे. हरिहर चित्राजवळ गेला. पट्ट्यांच्या खिशातून काहीतरी फिकट, त्रिकोणी वर आलेलं दिसत होतं. "हे काय? धूळ बसली आहे," तो म्हणाला. त्याने स्लाइड बाहेर काढली, तिच्यावर फुंकर मारली, रुमालाने पुसली आणि पुन्हा घातली. डाग तिथेच होता. पुन्हा काढली, पुन्हा फुंकर मारली. डाग गेला नाही.

"बुरशी असेल," तो म्हणाला आणि पुढचं चित्र लावलं. पुढे एक फुलपाखरू होतं. ते मी बघितलं नाही.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात भांडणाचे गेले. मी सरळच सांगितलं की जाऊ नका. ते जाकीट पाण्यातून काढलेलं आहे, आणि पाण्यातून नुसतं जाकीट निघतं तेव्हा आतल्या माणसाचं काय झालेलं असतं हे विचारायला मला ज्योतिषी नको. हरिहर आधी चेष्टेवर नेत राहिला. जगात काय एकाच गादीची खोळ फाटली का, म्हणाला. मी ऐकत नाही असं दिसल्यावर तो ताटावरून उठला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

"सरोज, मी तीस वर्षं दुसऱ्यांच्या कारखान्यांच्या रेषा ओढल्या," तो बाहेर बघत म्हणाला. "पट्टी लावून. एक रेष वाकडी गेली नाही. एकदा मला असं काहीतरी बघायचं आहे ज्याला पट्टी लावता येत नाही. मग मी कुठे जाणार नाही. तू म्हणशील तिथे बसेन."

या माणसाने लग्न झाल्यापासून माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. माझ्या काळजाचं पाणी झालं. मी त्याचं ताट झाकून ठेवलं आणि तो विषय सोडला.

पण मी स्वस्थ बसणारीही नाही. तो कामावर गेल्यावर मी जाकीट मांडीवर घेतलं. आधी वाटलं, पट्ट्यांचा खिसा काढूनच टाकावा. पण त्याच्या बोटांना त्या कापडाची सवय झाली होती. दुसरं लावलं असतं तर पुन्हा करवली आणि खंड्या, आणि बिचाऱ्याची सगळी वारी फुकट. म्हणून मी कच्चे टाके उसवले आणि खिसा उजवीकडून डावीकडे आणला. दुहेरी शिवण मारली. चित्रातलं जाकीट उजव्या खिशाचं होतं, आता माझं डाव्या खिशाचं झालं. म्हणजे ते वेगळं आणि हे वेगळं. शिवून झाल्यावर मी दोरा दाताने तोडला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

"खिसा इकडे का आला?" संध्याकाळी हरिहरने विचारलं.

"उजव्या हातात कॅमेरा असतो ना. डावीकडे बरा पडेल."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं समजलं होतं. "बरं," एवढंच म्हणून त्याने डोळे मिटले आणि डाव्या हाताने सराव सुरू केला.

दसरा झाल्यावर दोघं निघाले. मी ठाण्याच्या खोपट एस.टी. डेपोपर्यंत पोचवायला गेले होते. एवढ्या उकाड्यात हरिहर जाकीट घालून उभा, लोक वळून वळून बघतायत. मी म्हटलं, एकदा शिट्टी वाजवून दाखवा, दोरी पुरते ना बघू. त्याने फुंकली तर शेजारच्या एस.टी.च्या ड्रायव्हरला वाटलं कंडक्टरचीच शिट्टी, तो आपला गाडी मागे घ्यायला लागला. एकच आरडाओरडा झाला. नामा पोट धरून हसत होता. हरिहरही हसला, कान लाल होईपर्यंत. त्याला तसा हसताना बघून मला माझीच लाज वाटली. कुठल्या एका भिजक्या चित्रावरून मी घर डोक्यावर घेतलं होतं.

दोन दिवसांनी समोरची नीला माहेरहून परत आली. तिचं माहेर धारवाडचं, नवरात्रापासून ती तिकडेच होती. "भावजी कुठे गेलेत ते दाखव की," म्हणाली. प्रोजेक्टर अजून घरातच होता, मंडळात परत द्यायचा राहिला होता. मलाही जरा मिरवायचं होतं. मी घोंगड्या लावल्या, चादर टांगली आणि हरिहरचे लाल ठिपके बघून स्लाइड घातली.

चादरीवर पाटी आली. नीला डोळे बारीक करून बघत राहिली आणि एकदम खळखळून हसली.

"अगं सरोज, उलटी लावलीस की! पाटीचं सगळं आरशातल्यासारखं दिसतंय."

"ठिपके त्यांनीच दिलेत. चुकायचे नाहीत."

"मला माझी मातृभाषा शिकवतेस होय? फिरव ती."

मी स्लाइड फिरवली, पाठीची बाजू पुढे करून. नीलाने घडाघडा वाचून दाखवलं, स्वागत, सावकाश जा, ओढ्यात उतरू नका. मी ऐकत होते, पण माझं लक्ष डब्यातल्या बाकीच्या स्लाइडकडे होतं. त्या लोकांनी मूळ स्लाइडवरून काढलेल्या नकला पाठवल्या होत्या, आणि नकलांची मंद बाजू उलट असू शकते. हे सगळं मला फार नंतर एका जाणत्या माणसाने सांगितलं. त्या वेळी मला एवढंच कळलं की पाटी उलटी होती तर सगळीच चित्रं उलटी होती. उजवं ते डावं होतं.

मी जाकिटाची स्लाइड काढली. फिरवली. घातली.

ओढा दुसऱ्या बाजूने वाहू लागला. फांदी दुसऱ्या बाजूने आली. आणि पट्ट्यांचा खिसा जाकिटाच्या डावीकडे होता, मी दुहेरी शिवण मारून बसवला होता अगदी तिथे.

"काय गं? बरं नाही का वाटत?" नीलाने विचारलं. मी तिला घरात तशीच सोडून चपला घातल्या.

रिसॉर्टला फोन नव्हता. तार ऑफिसात जाईपर्यंत मी काय लिहायचं त्याचाच विचार करत होते. 'परत या' लिहिलं तर तो येणार नव्हता, मी त्याला ओळखते. 'पाण्याजवळ जाऊ नका' लिहिलं तर हसला असता; खोपटंच ओढ्यावर. जे करायला त्याला काही तोटा नाही असं काहीतरी सांगायला हवं होतं. जाकीट अंगात नसेल तर ते पाण्यातून काढायची वेळ कुणावर येणार नाही. चित्रच खोटं पडेल. मी तारेच्या कागदावर लिहिलं, 'जाकीट घालू नका. सरोज.'

खिडकीतल्या माणसाने ते दोनदा वाचलं. "बाई, तार आहे ही," तो म्हणाला. "तार बघून माणसाच्या छातीत धस्स होतं. कपड्यालत्त्यासाठी कुणी करत नाही."

"तुम्ही पाठवा," मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण रांगेतले लोक गप्प झाले. त्याने शिक्का मारला.

घरी आल्यावर मात्र मला हलकं वाटलं. तो ऐकेल याची मला खात्री होती. चेष्टा करेल, पण ऐकेल. खिशाची बाजू बदलली तेव्हाही त्याने ऐकलंच होतं. मी प्रोजेक्टर पेटीत भरला, घोंगड्या काढल्या, आणि नीलाकडे जाऊन तिची माफीही मागितली.

त्याच आठवड्यात उलट तार आली. ती नामाची होती. तार बघून माणसाच्या छातीत धस्स होतं म्हणतात, तसं मला काहीच झालं नाही. मी ती उघडलीसुद्धा नाही. नीलाने ती उघडून मला वाचून दाखवली.

हरिहर ओढ्यात वाहून गेला होता, दुसऱ्या दिवशी खालच्या डोहात सापडला होता. माझा भाऊ गेला, नामा होताच, तिकडेच सगळं केलं. मला नेलं नाही. बायकांनी कशाला, म्हणाले. तेव्हा भांडायचंही त्राण नव्हतं, नाहीतर मी कुणाचं ऐकलं असतं थोडंच.

तेराव्यानंतर नामा आला. दारात चपला काढल्या आणि तिथेच उभा राहिला. चहा ठेवा म्हणाला नाही. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती. मी त्याला बस म्हटलं तेव्हा तो जमिनीवर बसला, नकाशा अंथरायचे त्याच जागी.

"सांग," मी म्हटलं.

"तार आली तवा आमी ओढ्यावरच होतो, वैनी. रिसॉर्टचा मानूस घेऊन आला. तार बगून हरीभाऊ पांढरा पडला, त्याला वाटला तुमालाच काय तरी झाला. मंग वाचली नि हसायला लागला. एवढा हसला, एवढा हसला." नामाने तोंड पुसलं. "रातभर पाऊस व्हता, जाकीट भिजून चिंब झालेला. बोलला, 'नामा, बाईसाहेबांचा हुकूम आहे.' काढला त्याने. तार खिशात खोचली नि जाकीट समोरच्या फांदीला टांगला. आनि टांगल्यावर त्याला ते चित्र आठवला. मला पन आठवला. माझ्या आंगावर काटा आला, मी बोललो, हरीभाऊ, काढ तो खाली. पन तो आयकंना. बोलला, 'थांब, याचाच फोटो काढून नेतो. घरी चादरीवर दाखवतो सरोजला. म्हणजे तिला कळेल की ते नुसतं वाळत घातलेलं जाकीट होतं.'"

मी मशिनकडे बघत होते. नामाला वाटलं मी ऐकत नाही, म्हणून तो थांबला. मी मान हलवली.

"अख्खा जाकीट फोटोत येईना. डोळा कॅमेऱ्याला, नि पाय मागं, मागं. मी ओरडलो. पान्याचा आवाज एवढा व्हता की माझा मलाच आयकू आला नाय. खटका दाबला त्याने, नि दगडावरून पाय गेला. मी उडी मारली, वैनी. तुमची आन. पन ते पानी आमच्या खाडीचा नव्हता. हात लावू देईना."

"शिट्टी?" मी विचारलं. मूर्खासारखं विचारलं. पण मला तेच विचारायचं होतं. "शिट्टी नाही वाजवली त्यांनी?"

नामाने माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं. "शिट्टी जाकिटात व्हती ना, वैनी," तो म्हणाला.

मग त्याने आपणहूनच सांगितलं की कॅमेरा सापडला नाही. डोह दोनदा धुंडाळला, खाली गावापर्यंत शोधलं. मॅनेजरला त्याने त्या स्लाइडबद्दलही विचारलं होतं. मॅनेजर म्हणाला, पाटीचा, बेडकाचा, खोपटाचा, सगळे फोटो माझेच, पण जाकिटाचा असा फोटो मी कधी काढला नाही आणि कुणाला पाठवलाही नाही. मी उठले, कपाटातून डबा काढला. ती स्लाइड तिच्या जागेवर होती. खिडकीशी धरली, सुलटी करून. ओढा, फांदी, जाकीट. कुणीतरी फोटो काढताना मागे मागे सरकलं होतं खरं. चारी बाजूंनी बरोबर जागा सोडून अख्खं जाकीट मधोमध आलं होतं. हरिहरची नजर अशीच होती. त्याची एक रेष वाकडी जायची नाही.

लोक म्हणतात धक्क्याने सरोजच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणोत. ज्यांना बघायची असेल त्यांनी यावं, चादर टांगून दाखवते.

नामा गेल्यावर मी पिशवी उघडली. जाकीट वाळलं होतं, जंगलातल्या कुजक्या पानांचा वास येत होता. मी ते मशिनवर ठेवलं, पूर्वी असायचं तसं. डावीकडे माझी दुहेरी शिवण, एक टाका उसवला नव्हता. पट्ट्यांच्या खिशातून कागदाचं एक फिकट टोक वर आलं होतं, त्रिकोणी, बोटाच्या पेराएवढं.

मला माझी तार ओळखायला वेळ लागला नाही. मी वाकले आणि त्यावर फुंकर मारली. मग पुन्हा मारली.